पांढऱ्या रानाचा फोटो आणि माझा शेरा

दिवाळीची सुट्टी संपून शाळेचं दुसरं सत्र सुरू होतं, त्याच सुमाराला आमच्याकडं ऊसतोड सुरू होते. जळोचीतल्या माझ्या घरासमोरून सकाळपासून ट्रॅक्टर जायला लागतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून. वळणावर एखादं कांडं खाली पडतं आणि दिवसभर चाकांखाली चिपाड होत राहतं. वारं फिरलं की साखर कारखान्यातल्या मळीचा आंबूस-गोड वास घरात येतो. बायको खिडक्या लावून घेते, मी उघडतो. तेवढ्यावरून आमची थोडी बोलाचाली होते. बहात्तराव्या वर्षी भांडायला आणखी काय लागतं?

त्या वासाबरोबर मला दरवर्षी एक वर्ग आठवतो. खिडक्यांना खताची रिकामी पोती लावून अंधारा केलेला, आणि समोर पडद्यावर एक पांढरं रान. ही आठवण मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे. सभागृहांत सांगितली, टाळ्या घेतल्या. पण जितक्यांदा सांगितली तितक्यांदा खोटी सांगितली. यंदा ती खरी सांगायची, असं ठरवलं आहे.

ठरवायला निमित्त झालं एका फोनचं. पुढच्या शनिवारी बारामतीत तरुण शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, विषय होता वर्गात स्लाईड कशा वापराव्यात. संयोजक म्हणाला, “सर, तुमचा तो मातीचा पाठ पाहिजे. पडद्यावर एकच फोटो, एक अक्षर नाही. आपल्या भागात ही पद्धत तुम्हीच आणली ना?”

“हो,” मी म्हणालो.

इतकी वर्षं म्हणत आलो तसंच म्हणालो. पण या वेळी फोन ठेवल्यावर तो ‘हो’ माझा मलाच खोटा वाटला.

शाळेत प्रोजेक्टर आला तेव्हा मी पर्यवेक्षक होतो. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. शाळा नीरा डाव्या कालव्याच्या काठची, आमच्या मूळ गावापासून, कोऱ्हाळ्यापासून जवळ. खोली क्रमांक आठमध्ये चुन्याच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि उजेड अडवायला प्रत्येक वर्गाकडून चार-चार पोती मागवली. पोरांनी घरून युरियाची, सुपरची पोती आणली. उन्हं चढली की खोलीत त्या पोत्यांचा उग्र वास कोंडायचा, त्यात प्रोजेक्टरच्या गरम हवेची भर. आजही कुठं प्रोजेक्टरचा पंखा घुर्रर्र सुरू झाला की माझं नाक आधी खताचा वास शोधतं.

भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी जाईल याचा नेम नसायचा. आठवड्यातून एका वर्गाला एक तास मिळायचा, तोही वीज राहिली तर. मग मी काय करायचो? एका तासात चौसष्ट स्लाईड दाखवायचो. पाठ्यपुस्तकातलं पानच्या पान पडद्यावर चढवायचं, ते मोठ्यानं वाचायचं, पुढची स्लाईड. अक्षरं उजवीकडून घसरत यायची, गरगर फिरायची, एखादं वाक्य टाळीच्या आवाजासह उमटायचं. ते सगळं मी स्वतः शिकलो होतो आणि मला त्याचा फार अभिमान होता.

हे करताना मी माझ्या बापासारखाच वागत होतो, हे तेव्हा कळलं नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की आमचे आबा रानात असं पाणी सोडायचे की बांध फुटायला यायचे. पुढची पाळी कधी येईल, येईल की नाही, कोण जाणे. आलंय तर घ्या भरून. सगळं गाव तेच करायचं. उसाच्या सरीत पोटरीएवढं पाणी उभं राहिलं की माणूस खूश व्हायचा. रान हळूहळू चोपण होत गेलं. खालचा खार वर आला, ढेकळांवर पांढरी पापडी धरली, आणि ज्या रस्त्याकडेच्या पट्टीत आबांनी टनांनी ऊस काढला तिथं लव्हाळाही उगवेना. पण घरात कुणी चोपण म्हणायचं नाही. “औंदा रान जरा उतरलंय,” एवढंच. उतरलेलं रान दहा वर्षं उतरलेलंच होतं.

माझ्या वर्गाचंही तेच होत होतं. फरक एवढाच की वर्गावर पापडी दिसत नाही.

दिसत होती खरं तर. वह्यांत दिसत होती. आमच्याकडं वही पूर्ण असण्याला फार मान. तपासणीला येणारा माणूस पोराला प्रश्न विचारत नाही, वही बघतो. म्हणून पोरं पडद्यावरचं सगळं उतरवून घ्यायची, आणि मी धडाधड बरोबरच्या खुणा करत जायचो. एकदा गठ्ठा तपासताना सहज एक वही वाचली. मातीच्या धड्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘क्लिक टू ॲड टायटल’. रिकाम्या राहिलेल्या चौकटीतलं ते वाक्य चुकून पडद्यावर गेलं होतं. दुसऱ्या वहीतही तेच. पन्नास वह्यांत तेच, दोघातिघांनी तर खाली पट्टीनं रेघही मारलेली. आणि सगळ्यांवर माझी लाल बरोबर.

शिक्षकखोलीत मी ही गंमत म्हणून सांगितली. सगळे हसले. कोळेकर बाई हसल्या नाहीत.

कोळेकर बाई त्या वर्षी तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवायला आल्या होत्या. इंदापूर तालुक्यातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, घराण्यात पहिल्यांदा बी.एड. झालेल्या. वडील तोवर कळप विकून शेतीत स्थिरावले होते. बाई रोज एसटीनं दोन गाड्या बदलून यायच्या. बोलणं कमी. त्या म्हणाल्या, “सर, पोरं वाचतात तवा ऐकत न्हाईत आन ऐकतात तवा वाचत न्हाईत. तुमी दोन्ही एकदम करायला लावता. मग ती बिचारी तिसरंच करतात. लिहून काढतात.”

“मग काय करावं म्हणता?”

“अक्षरं कमी करा की. चित्र तेवढं ठेवा. बोलायला तुमी हायच.”

शिक्षकखोलीत पुन्हा हशा झाला, या वेळी माझ्यावर. मीही हसलो. पण तो हशा मी लक्षात ठेवला.

त्यानंतर पंधरवड्यात मी त्यांच्या पाठाच्या निरीक्षणाला जाऊन बसलो. पर्यवेक्षकानं मागच्या बाकावर बसायचं, पाठ बघायचा आणि लॉगबुकात शेरा लिहायचा, ही रीत. सातवीचा वर्ग. ऊसतोड सुरू झाली होती, त्यामुळं नेहमीच्या पोरांत बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांची सहा-सात मुलंही होती. दरवर्षी हंगामापुरती येणारी. त्यांना आम्ही खिडकीकडेला बसवायचो आणि खरं सांगायचं तर विसरून जायचो.

बाईंनी पोती सारखी केली, प्रोजेक्टर लावला, एक फोटो दाखवला. एक रान. वर आभाळ, खाली ढेकळं, ढेकळांवर पांढरं काहीतरी, कडेला वाळकी बाभळ. कुठं एक अक्षर नाही.

आणि बाई गप्प उभ्या राहिल्या.

मी घड्याळ बघितलं. पोरं आधी माझ्याकडं वळून बघायला लागली, मग बाईंकडं, मग नाइलाजानं फोटोकडं. पंखा घुरघुरत होता. बाहेर रस्त्यानं ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला. एक मिनिट झालं.

“बाई, बर्फ हाय का?” पहिल्या बाकावरून कुणीतरी.

“हितं कुठला बर्फ, येड्या! मीठ हाय ते.”

“चुना टाकलाय.”

बाईंनी कुणालाच बरोबर म्हटलं नाही, चूकही नाही. नुसतं त्या पोराकडं बघायचं आणि पुन्हा फोटोकडं. मग खिडकीशी बसलेली एक मुलगी उभी राहिली. तोडकऱ्यांतली. त्या दिवसापर्यंत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. ती म्हणाली, “बाई, आमच्याकडं पाणी न्हाई म्हणून रान पडीक ऱ्हातं. हितं तर कॅनल हाय. मग ह्ये का मेलं?”

वर्ग हलला. कालव्याकाठच्या एकाही पोरानं, एकाही माणसानं, मी धरून, हा प्रश्न कधी विचारला नव्हता. पोरं एकमेकांवर बोलायला लागली. पाणी जास्त झालं म्हणून. न्हाय, खत जास्त झालं म्हणून. आमचे तात्या म्हणत्यात, चर काढली पायजे. माती, क्षार, निचरा, सगळा धडा त्यांच्या तोंडून आपोआप फळ्यावर येऊ लागला. बाई फक्त लिहीत होत्या.

तेवढ्यात एक पोरगं ओरडलं, “बाई, ती बाभळ बघा! ह्ये आपल्या सरांचं रान हाय!”

चाळीस डोकी माझ्याकडं वळली. आणि पोरं हसली. वाईट मनानं नाही, ओळख पटल्याच्या आनंदानं. पण हसली.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांना ठाऊक नव्हतं. एसटीतून रोज दिसणारं एक रान म्हणून त्यांनी थांब्यावर उतरून मोबाइलमध्ये फोटो काढला होता. त्या इंदापूरकडच्या, कोऱ्हाळ्यातली कुठली पट्टी कुणाची हे त्यांना कसं कळणार? हे मला तेव्हाही समजत होतं, त्याच क्षणी समजत होतं. तरी मी लॉगबुक उघडलं आणि तीन वाक्यं लिहिली.

‘पडद्यावर पाठाचा कोणताही मजकूर नाही. शिक्षिका बराच वेळ निष्क्रिय उभ्या होत्या. साधनाचा वापर करता येत नाही.’

खाली सही. सही करताना अक्षर जरासुद्धा हललं नाही, तेच मला आज सगळ्यांत जास्त लागतं.

पुढच्या वर्षी बाईंना घेतलं नाही. बैठकीत लॉगबुक ठेवलं गेलं. कुणीतरी विचारलं, “बाई कशा आहेत?” मी पान उघडून पुढं सरकवलं. बाईंनी मला विचारलं नाही, भांडल्या नाहीत. शेवटच्या दिवशी सामान आवरताना खोली आठमधली पोती काढून त्यांनी नीट घड्या घातल्या आणि कपाटात ठेवल्या. शाळेच्या संगणकात तो फोटो मात्र राहिला.

आता चोरीचं सांगतो. पुढच्या हंगामात मी तोच फोटो तसाच, अक्षर न घालता, माझ्या वर्गाला दाखवला. पाठ रंगला. मग तालुक्याला दाखवला. “हे माझं स्वतःचं रान,” मी म्हणालो, आवाज भरून आला, सभागृह हेलावलं. ज्या गोष्टीची लाज वाटून मी एका बाईची नोकरी घालवली, तीच गोष्ट आता माझा मोठेपणा झाली. निवृत्तीनंतर तर प्रशिक्षणांची रांगच लागली. मी सांगायचो, स्लाईड म्हणजे पुस्तकाचं पान नव्हे, तासाला पाच-सहा पुरेत, पडद्याला पाठ्यपुस्तक करू नका आणि स्वतःला पडद्याचा वाचक करू नका. बोललो ते सगळं खरंच होतं. फक्त त्यातलं माझं काही नव्हतं.

त्या फोननंतर दोन दिवसांनी मी शाळेत गेलो. आता तिथं नवी इमारत आहे, प्रत्येक वर्गात मोठा टीव्ही आहे, पोती नाहीत. मुख्याध्यापिका माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. जुनं लॉगबुक मागितलं. कपाटाच्या तळातून निघालं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण ते पान शाबूत. मी खिशातून पेन काढलं.

“सर, काय करताय?” त्या घाबरून म्हणाल्या.

“शेरा चुकलाय. दुरुस्त करतो.”

“निवृत्तीनंतर त्यात लिहिता येत नाही हो, सर. रेकॉर्ड आहे ते.”

त्यांचं बरोबरच होतं. जे खोटं लिहायचा अधिकार मला होता, ते खरं करायचा राहिला नव्हता. म्हणून तो शेरा इथं लिहितो. वाचणाऱ्यांनी तो त्या पानावर आहे असं समजावं.

‘शिक्षिकेनं एकच चित्र दाखवलं आणि वर्गाला ते बघू दिलं. कधी न बोलणारी विद्यार्थिनी बोलली, आणि तिनं विचारलेला प्रश्न या भागातल्या मोठ्या माणसांनाही सुचला नव्हता. संपूर्ण पाठ मुलांनी उभा केला. निरीक्षक स्वतःच्या रानाची लाज वाटल्यानं रागावला होता, त्यामुळं त्याचं आधीचं मत ग्राह्य धरू नये.’

मग मी इंदापूरला गेलो. चौकशी करत करत बाईंच्या गावी पोचलो. बाई आता गावातलं दूध संकलन केंद्र बघतात. नवऱ्याची शेती आहे, डाळिंब आहे. सकाळचं दूध नुकतं घेऊन झालं होतं, फरशी धुतलेली होती. केस पांढरे झालेत, पण उभं राहणं तेच, जागच्या जागी, शांत. मला बघून त्यांनी हातातला खराटा भिंतीला टेकवला.

“या, सर. बसा. च्या ठेवते.”

मी बसलो नाही. जे सांगायचं ते उभ्यानंच सांगितलं, रानाचं, रागाचं, शेऱ्याचं, चोरीचं. बाई ऐकत राहिल्या. माझं संपल्यावरही काही बोलल्या नाहीत. त्यांची ती शांतता दुसऱ्यांदा माझ्या वाट्याला आली होती, आणि या वेळी माझ्याकडं घड्याळ बघायची सोय नव्हती.

“तुमची ती तीन वाक्यं मला पाठ हायत,” शेवटी त्या म्हणाल्या. “दुसऱ्या शाळंत मुलाखतीला गेले, तर वर्गात उभी ऱ्हाऊन मला बोलायचं थांबताच येईना. वाटायचं, गप बसले तर मागचा माणूस लिवंल, निष्क्रिय. मग मीच सोडलं.”

मग शनिवारच्या कार्यक्रमाचंही मी सांगून टाकलं.

“शनिवारी पुन्हा तोच पाठ हाय म्हणता. फोटो दाखवल्यावर तुमी किती वेळ गप बसता, सर?”

मी खरं सांगितलं. “बसवत नाही. दहा-बारा सेकंद. मग मीच विचारतो, सांगा बघू, पांढरं काय आहे.”

बाई हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. “मग तुमी नुसता फोटोच चोरला. पाठ हितंच हाय अजून.”

चहा पिताना त्यांनी सांगितलं, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. लहानपणी वडिलांबरोबर मेंढरं पाण्यावर न्यायच्या. वडील पाण्याच्या कडेला काठी टेकून उभे राहायचे, बारीक शिट्टी घालायचे आणि हलायचे नाहीत. मागून ढकललं की मेंढरू बिचकतं, पाण्याला तोंड लावत नाही. माणूस हलला नाही की एक पुढं होतं, मग दुसरं, मग सगळी. “कुठलं आदी येईल ते मात्र सांगता येत न्हाय,” बाई म्हणाल्या. “लई वेळा कडंचंच येतं.”

मी त्यांना शनिवारी यायची विनंती केली. म्हटलं, पाठ तुम्ही घ्या. त्यांनी मान हलवली. “मी न्हाय घेणार. तुमी घ्या. मी मागं बसते.” थांबून म्हणाल्या, “वही माझ्याकडं.”

शनिवार होऊन गेला. सभागृहात साठेक तरुण शिक्षक होते. संयोजकानं माझी ओळख करून दिली, या पद्धतीचे जनक वगैरे. मी उठलो आणि आधी ती ओळख खोडली. हा पाठ कोळेकर बाईंचा आहे, मी त्यांच्यावर खोटा शेरा लिहिला, त्यांची जागा गेली आणि त्यांचा पाठ मी माझ्या नावावर मिरवला, असं सरळ सांगितलं. त्या मागं बसल्या आहेत, हेही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन-तीन ओळखीच्या माणसांनी नजर वळवली. ते ठीकच झालं. मग मी फोटो लावला आणि गप्प उभा राहिलो.

एक अक्षर न बोलता साठ माणसांपुढं उभं राहणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. दहाव्या सेकंदाला जीभ टाळूला लागली. विसाव्याला घाम फुटला. कुणीतरी खाकरलं, कुणीतरी मोबाइल काढला, कुणी शेजाऱ्याच्या कानात म्हणालं, “सरांना आठवेना वाटतं.” ते मला स्वच्छ ऐकू आलं. मी आबांच्या पांढऱ्या रानाकडं बघत राहिलो. बाहेरून ट्रॅक्टर गेला, गाणं आलं आणि गेलं. मग कडेच्या खुर्चीवरची एक शिक्षिका, बहुधा सगळ्यांत नवी, हळूच म्हणाली, “सर, हे रान कुणाचं आहे? त्यांना कळलं होतं का, पाणी कधी जास्त झालं ते?”

तिथून पाठ सुरू झाला.

संपल्यावर बाई एसटीच्या घाईत होत्या. वहीतलं पान फाडून त्यांनी माझ्या हातात ठेवलं आणि निघाल्या. मी चष्मा लावून वाचलं. नीटस, शाळेतलं अक्षर, खाली सही.

‘निरीक्षण: शिक्षक एक मिनिट चाळीस सेकंद थांबले. प्रश्न समोरून आला. उत्तर देण्याची घाई केली, अजून थांबता आलं असतं. सराव करावा.’

पान मी आरशाच्या कडेला खोचून ठेवलं आहे. रोज सकाळी खिडकी उघडतो, मळीचा वास आत येतो, आणि बायको काही विचारते तेव्हा उत्तर द्यायच्या आधी जरा थांबतो.